अडीच

रजिस्टरात एक रकाना आहे, अरुंद.
अडीच किलोच्या अलीकडे की पलीकडे,
एवढंच त्यात लिहायचं असतं मला.

भांडुपच्या टेकडीवर
एकशे बारा पायऱ्या चढलं की द्वारकाचं घर.
पाचवा महिना. वजन एकेचाळीस,
त्यात चपलाही आल्या. काढायच्या ती विसरली,
मीही काढायला लावल्या नाहीत.

'काय जेवलीस?'
'जेवले की.'
'काय ते सांग.'
'चहा-बटर. मग चहा.
मग ह्यांचा डबा झाला, पोरीचं झालं,
आत्याबाईंचं झालं,
आणि तव्यावर होती ना अर्धी.'

मी पिशवीतून लाल गोळ्या काढते.
सांगते, चहाबरोबर नको, लिंबू पिळ पाण्यात,
शी काळी होईल, घाबरू नकोस.
सांगते, शेंगदाणे, गूळ, जमलं तर रोज एक अंडं,
मेथीची जुडी संध्याकाळी पाच रुपयांनी उतरते,
दुपारी तासभर डाव्या कुशीवर पड.
सांगता सांगता माझ्याच तोंडून
दवाखान्यातलं पोस्टर बोलायला लागतं.
त्यातली ती गुबगुबीत बाई,
पुढ्यात सफरचंदं,
आणि मागे नळ. घरातच.

द्वारकाचा नळ पायऱ्यांच्या तळाशी.
पहाटे साडेचार, दोन हंडे,
तिसरी खेप कळशीची.

गयाबाई उंबऱ्यात बसून मिश्री लावते.
बोट काळं, हिरड्या काळ्या.
'मला चार झाली. चौथा तर कापसात, वेचणी चालू असताना.
कुणी तोलून पाहिली नव्हती.
जास्त खाल्लं की पोर मोठं होतं, अडतं,
मग पोट फाडतात तुमचे डॉक्टर.'
आणि डबी सुनेकडे सरकते,
हळदीकुंकवाचा करंडा सरकावा
इतक्या मायेनं.

मी म्हणाले, ही हिला नको. बाळ वाळतं यानं.
द्वारका म्हणाली,
'भूक मरते ना ताई. म्हणून तर लावते.'

हे लिहायला रकाना नव्हता.

मी उठले, पिशवी खांद्याला लावली,
आणि जाता जाता, उगाच, विचारलं,
'मावशी, चारही आहेत ना?'
गयाबाईनं बोट पदराला पुसलं.
मग हात पुढे केला, पालथा नाही, उताणा,
आणि मनगटापासून बोटांपर्यंत दाखवलं.
'पहिली. एवढी.
नाव ठेवायचं राहिलं.'

पुढच्या महिन्यात गेले तर
फळीवर दोन वाट्या.
एकीत चिंचोके, दुसरीत थोडे कमी.
गोळी पोटात गेली की
गयाबाई एक चिंचोका इकडून तिकडे टाकते.
मोजता येत नाही तिला, पण वाटी भरलेली दिसते.
हंडे आता भानुदास आणतो,
पावणेचारला, अंधारात,
गल्लीला दिसायला नको म्हणून.
मिश्रीची डबी पोटमाळ्यावर गेली.
म्हातारी मागच्या दारी जाऊन लावते,
मी पाहिलं, पाहिलं नाही असं केलं.
सगळंच कसं सुटेल?

सातव्यात पंचेचाळीस.
नवव्यात अठ्ठेचाळीस, चपला काढून.

मुलगी झाली. पालिकेच्या प्रसूतिगृहात
काटा थरथरला, थांबला.
दोन किलो चारशे.

शंभर ग्रॅम. चहापत्तीची एक पुडी.
मी रजिस्टर उघडलं आणि लिहिलं 'कमी'.
दुसरं काय लिहिणार?
एकेचाळीसपासूनच्या पायऱ्या
त्यात मावत नाहीत.

सिस्टर म्हणाल्या, उघड्या छातीशी धरायचं बाळ,
तासन् तास, कातडीला कातडी.
द्वारका झोपली होती,
कित्येक महिन्यांत पहिल्यांदा पाय ताणून.
'मी धरू?' गयाबाई म्हणाली,
'पण माझ्याकडे आता काय उरलंय?'
'ऊब पुरते, आजी.'

ती आधी मोरीकडे गेली.
चूळ भरली. परत भरली. तिसऱ्यांदा
बोटानं हिरड्या घासून घासून,
वास राहिला तर नाही ना
म्हणून माझ्या तोंडावर फुंकर मारली.
मग पाठमोरी होऊन
चोळीच्या गाठीशी झटू लागली.